लिनक्सवर गेम खेळायचे आहेत? सोलापुरातील नवख्या खेळाडूंसाठी पायरीपायरीने

विंडोज १० ला मिळणारे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप व ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे जुळे सोलापूर असो वा अक्कलकोट रोड, अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला घेतलेले आणि अजून धडधाकट असलेले कितीतरी संगणक एकाएकी जुने ठरले. अशा संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली घालावी का, हा प्रश्न दुरुस्तीच्या दुकानात विचारला की बहुतेक वेळा उत्तर मिळते, ‘घाला, पण गेम चालणार नाहीत.’ हे उत्तर २०१८ पूर्वी बऱ्याच अंशी खरे होते. आज ते अर्धेच खरे आहे, आणि कोणते अर्धे खरे आहे हे आधी समजून घेतले तर पुढचा मनस्ताप वाचतो.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. गेमच्या पानावर लिनक्सचे चिन्ह आहे की नाही, यावरून निर्णय घेऊ नये. त्या गेमची लिनक्सवरची आवृत्ती आज कोण सांभाळत आहे, यावरून घ्यावा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच कसोटीवर उभ्या आहेत.

पहिली पायरी: गेमची यादी

लिनक्स उतरवून घेण्यापूर्वी आपण गेल्या वर्षभरात खरोखर खेळलेल्या गेमची यादी कागदावर लिहावी. खेळायची इच्छा असलेल्या गेमची नव्हे, खेळलेल्या गेमची. या यादीतले ऑनलाइन स्पर्धात्मक गेम वेगळे काढावेत, कारण अडचण बहुतेक तिथेच असते.

अशा गेममध्ये फसवणूक पकडणारे अँटी-चीट सॉफ्टवेअर असते आणि त्यातली काही सॉफ्टवेअर विंडोजच्या अगदी गाभ्यात शिरून काम करतात. व्हॅलोरंटचे व्हँगार्ड लिनक्सवर चालत नाही. फोर्टनाइटही चालत नाही. एपेक्स लेजंड्स काही वर्षे चालत होता, पण ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच्या निर्मात्यांनी लिनक्सवरचा प्रवेश बंद केला. जीटीए ५ मध्ये सप्टेंबर २०२४ ला बॅटलआय हे अँटी-चीट आले आणि लिनक्सवरून जीटीए ऑनलाइन खेळणे थांबले. एकट्याने खेळायची कथा मात्र चालते. यातली खटकणारी बाब अशी की इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये २०२१ पासून लिनक्सवर प्रोटॉन या विंडोजचे गेम चालवणाऱ्या साधनामार्फत चालण्याची सोय आहे. ती चालू करायची की नाही हे प्रत्येक गेमचा निर्माता ठरवतो. म्हणजे दार तांत्रिक कारणाने बंद नाही, कोणी तरी ते बंद ठेवले आहे.

म्हणून ज्यांची संध्याकाळ मित्रांबरोबर व्हॅलोरंट खेळण्यातच जाते, त्यांनी विंडोज पूर्णपणे पुसू नये. कुठल्या तरी युक्तीने तो गेम लिनक्सवर चालवून दाखवणाऱ्या व्हिडिओंच्या मागेही लागू नये, कारण त्यात खातेच बंद पडण्याचा धोका असतो. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ खेळणाऱ्यांना ही चिंता नाही. दोन्हींच्या लिनक्स आवृत्त्या निर्माता वाल्व्ह स्वतः सांभाळतो. आपल्या कट्ट्यावरची निम्मी मंडळी फोनवर बीजीएमआय खेळतात, त्यांना तर या लेखाची गरजच नाही.

यादीतल्या उरलेल्या गेमची नावे प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर शोधावीत. तिथे खेळाडूंनी दिलेल्या अहवालांवरून प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ अशी श्रेणी दिलेली असते. केवळ श्रेणी पाहून थांबू नये. गेल्या काही महिन्यांतले अहवाल वाचावेत आणि त्यातही आपल्यासारखेच ग्राफिक्स कार्ड असलेल्या खेळाडूने काय लिहिले आहे ते पाहावे.

दुसरी पायरी: ग्राफिक्स कार्ड तपासणे

प्रोसेसर आणि रॅम यांची चौकशी सगळेच करतात, पण लिनक्सवरच्या गेमिंगमध्ये खरा प्रश्न असतो तो ग्राफिक्स कार्डाला व्हल्कन १.३ येते का, हा. व्हल्कन ही कार्डाशी बोलण्याची आधुनिक पद्धत असून तिची पहिली आवृत्ती २०१६ मध्ये आली. विंडोजचे गेम डायरेक्टएक्सच्या पद्धतीने बोलतात, आणि ते बोलणे डीएक्सव्हीके व व्हीकेडी३डी-प्रोटॉन हे दोन घटक व्हल्कनमध्ये रूपांतरित करतात. डीएक्सव्हीकेच्या दुसऱ्या मालिकेपासून व्हल्कन १.३ सक्तीचे झाले.

व्यवहारात याचा अर्थ असा होतो. ऑफिसच्या जुन्या संगणकांत सर्रास दिसणारी जीटी ७१० किंवा जीटी ७३० सारखी एनव्हिडियाची कार्डे या कामाची नाहीत. त्यांवर फार तर जुन्या प्रोटॉनने जुने गेम चालतील. इंटेलचे अंगभूत ग्राफिक्स असेल तर सहाव्या पिढीपासून पुढे परिस्थिती ठीक आहे, चौथ्या पिढीत व्हल्कनचा आधार अपुरा आहे. एनव्हिडियाच्या जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेची कार्डे आज चालतात, मात्र त्यांना आधार देणारी ५८० ही शेवटची ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) मालिका आहे, हे लक्षात घेऊनच अशी कार्डे सेकंडहँड घ्यावीत. एएमडीच्या आरएक्स ५७० किंवा ५८० सारख्या कार्डांना लिनक्समध्ये वेगळा ड्रायव्हर घालावा लागत नाही, आणि नवख्या माणसाच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे. पुण्याहून किंवा ऑनलाइन जुने कार्ड मागवणार असाल, तर माझा कौल एएमडीला.

तिसरी पायरी: लिनक्स बसवणे

कोणते लिनक्स घ्यावे, यावर वाद घालणाऱ्यांना रात्र पुरत नाही. नवख्या माणसाने लिनक्स मिंट घ्यावे. मिंटच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत आधार आहे, त्याची मांडणी विंडोजला सरावलेल्या माणसाला परकी वाटत नाही आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून दोन-चार क्लिकमध्ये बसतो. संगणक फक्त खेळण्यासाठीच असेल आणि कार्ड नवे असेल, तर फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर आधारलेले बॅझाइट हा चांगला पर्याय आहे, कारण त्यात स्टीम (वाल्व्हचे गेम विकणारे व चालवणारे सॉफ्टवेअर) आणि ड्रायव्हर आधीपासूनच असतात.

पेनड्राइव्हवर लिनक्स उतरवून, ते डिस्कवर न बसवता आधी तसेच सुरू करून पाहावे. वाय-फाय, आवाज आणि पडद्याचे रिझोल्यूशन तिथेच तपासता येते. विंडोज ठेवायचे असेल तर एकाच डिस्कचे तुकडे करण्यापेक्षा लिनक्ससाठी वेगळी एसएसडी लावावी. मग दोन्ही प्रणाली एकमेकींच्या वाटेत येत नाहीत. कोणत्याही परिस्थितीत घरच्यांचे फोटो आणि कागदपत्रे आधी दुसरीकडे उतरवून ठेवावीत.

इथे दोन बारकावे आहेत. एक, सिक्युअर बूट ही संगणक सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी चालू असेल तर एनव्हिडियाचा ड्रायव्हर बसवताना एक सांकेतिक शब्द ठरवायला सांगितला जातो आणि संगणक पुन्हा सुरू होताना निळ्या पडद्यावर तोच विचारला जातो. घाईने तो पडदा टाळला की ड्रायव्हर सुरूच होत नाही, आणि मग सगळे गेम रखडत चालतात. दोन, विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या पार्टिशनवर (डिस्कच्या विभागावर) आधीच उतरवलेले गेम लिनक्समधून थेट वापरण्याचा मोह आवरावा. प्रोटॉनला लागणाऱ्या काही फाइली त्या रचनेत नीट बसत नाहीत आणि गेम कारण न सांगता बंद पडतात. गेमसाठी ईएक्सटी४ पद्धतीचे पार्टिशनच वापरावे.

चौथी पायरी: स्टीम आणि पहिला गेम

मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून स्टीम बसवावे. तिथे साधे पॅकेज आणि फ्लॅटपॅक असे दोन पर्याय दिसले तर साधे पॅकेज निवडावे. उबुंटू हे दुसरे लिनक्स वापरणाऱ्यांनी स्नॅप स्वरूपातले स्टीम टाळावे आणि स्टीमच्या संकेतस्थळावरचे पॅकेज घ्यावे.

स्टीमच्या सेटिंगमध्ये कम्पॅटिबिलिटी या विभागात जाऊन सर्व गेमसाठी प्रोटॉन चालू आहे ना, हे पाहावे. नव्या आवृत्त्यांत ते आपोआप चालू असते. त्यानंतर पहिला गेम म्हणून शंभर जीबीचा राक्षस उतरवू नये. आधी काउंटर-स्ट्राइक २ सारखा फुकट गेम किंवा आपल्याकडे असलेला एखादा छोटा गेम चालवून ड्रायव्हर, आवाज आणि कंट्रोलर यांची खात्री करून घ्यावी. शेजारच्या मित्राकडे तोच गेम विंडोजवर असेल, तर दोन्ही संगणक एकाच वाय-फायवर आणून स्टीमच्या स्थानिक नेटवर्क हस्तांतरणाने फाइली घेता येतात. प्रोटॉनवर चालणारा गेम विंडोजच्याच फाइली वापरतो, त्यामुळे इंटरनेटचा बराच डेटा वाचतो.

पाचवी पायरी: नेटिव्ह, पोर्ट की प्रोटॉन

या पायरीवर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण नवखे खेळाडू पैसे इथेच वाया घालवतात.

लिनक्सवर गेम येण्याचे तीन मार्ग आहेत. निर्माता स्वतः लिनक्स आवृत्ती काढतो (नेटिव्ह), दुसरी एखादी कंपनी करार करून मूळ गेम लिनक्ससाठी घडवते (पोर्ट), किंवा विंडोजची आवृत्ती प्रोटॉनमार्फत चालते. प्रोटॉन हे वाल्व्हने ऑगस्ट २०१८ मध्ये आणलेले साधन, आणि त्याचा पाया म्हणजे १९९३ पासून चालत आलेला वाइन हा प्रकल्प. प्रोटॉन दुसरा संगणक उभा करत नाही. गेमने विंडोजकडे केलेल्या मागण्या तो लिनक्सच्या भाषेत सांगतो. शहराच्या पूर्व भागात कापडाच्या दुकानाचा मालक घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी आणि विजापूरच्या व्यापाऱ्याशी कन्नड बोलतो, म्हणून काही व्यवहार रखडत नाही. प्रोटॉनचेही तसेच आहे. वेगात थोडा फरक पडतो, पण बहुतेक गेममध्ये तो खेळताना जाणवत नाही.

मग निर्मात्याने काढलेली लिनक्स आवृत्ती नेहमीच सरस असणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. इतिहास मात्र तसे सांगत नाही. १९९८ मध्ये सुरू झालेल्या लोकी सॉफ्टवेअर या कंपनीने सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवरसह अनेक गेम लिनक्सवर आणले आणि जानेवारी २००२ मध्ये ती बंद पडली. मागे राहिलेले गेम पुढच्या लिनक्स आवृत्त्यांवर आपोआप चालेनासे झाले, कारण प्रणालीतल्या ज्या लायब्ररींवर (तयार कोडच्या संचांवर) ते उभे होते त्या बदलत गेल्या आणि गेममध्ये दुरुस्ती करणारे कोणी उरले नाही. (त्या कंपनीत घडलेली एसडीएल ही लायब्ररी मात्र आजही असंख्य गेमच्या पोटात आहे.)

फेब्रुवारी २०१३ मध्ये लिनक्ससाठी स्टीम आले आणि दुसरे पर्व सुरू झाले. फेरल इंटरॅक्टिव्हने शॅडो ऑफ मॉर्डोर, मॅड मॅक्स, टोटल वॉर असे मोठे गेम आणले, ॲस्पायरने सिव्हिलायझेशन ५ आणि बॉर्डरलँड्स २ आणले. हे काम कसबाचे होते आणि त्या काळातल्या लिनक्स खेळाडूंवर या कंपन्यांचे उपकार आहेत, यात शंका नाही. पण बॉर्डरलँड्स २ चेच पाहा. २०१९ मध्ये मूळ गेमला नवा कथाभाग जोडला गेला, तो लिनक्सच्या आवृत्तीत कधी आलाच नाही. आवृत्ती मागे पडली की विंडोजवरच्या मित्रांबरोबर खेळणेही बंद होते. आज तोच गेम विंडोजच्या आवृत्तीतून प्रोटॉनवर खेळणे अधिक शहाणपणाचे आहे.

कधी पोर्ट बाजारात येतानाच कच्चा असतो. द विचर २ मे २०१४ मध्ये लिनक्सवर आला तेव्हा चांगल्या कार्डांवरही रखडत होता. नंतरच्या सुधारणांनी तो बराच सावरला. कधी पोर्ट येतच नाही: बॅटमन: अर्खम नाइटची लिनक्स आवृत्ती जाहीर झाली होती, फेब्रुवारी २०१६ मध्ये ती रद्द करण्यात आली. आणि कधी असलेला पोर्ट काढून घेतला जातो; रॉकेट लीगने मार्च २०२० मध्ये लिनक्सवरचा ऑनलाइन खेळ थांबवला.

याची दुसरी बाजूही आहे. फॅक्टोरिओ, टेरारिया, स्टारड्यू व्हॅली यांच्या लिनक्स आवृत्त्या निर्मात्यांनी आपुलकीने सांभाळल्या आहेत आणि त्यांच्यासाठी प्रोटॉनकडे वळायचे कारण नाही. हॉलो नाइट: सिल्कसाँग सप्टेंबर २०२५ मध्ये पहिल्याच दिवशी लिनक्सवर उपलब्ध होता. त्याच महिन्यात बाल्डर्स गेट ३ ची स्टीम डेक या वाल्व्हच्या हातात धरायच्या गेमयंत्रासाठी खास आवृत्ती आली. डेकमध्ये लिनक्सच असते, पण निर्माता लॅरियनने आधार फक्त त्या यंत्रापुरताच दिला आहे, म्हणून आपल्या टेबलावरच्या संगणकावर अडचण आली तर त्यांच्याकडे दाद मागता येणार नाही.

या सगळ्यावरून मी स्वतःपुरता क्रम ठरवला आहे: पहिली पसंती निर्मात्याने स्वतः काढलेल्या आणि विंडोजबरोबरच अपडेट होणाऱ्या लिनक्स आवृत्तीला, दुसरी प्रोटॉनवरच्या विंडोज आवृत्तीला, आणि वाऱ्यावर सोडलेल्या पोर्टला सगळ्यांत शेवटची. लिनक्सच्या काही जुन्या चाहत्यांना हा क्रम पटत नाही. त्यांच्या मते प्रोटॉनमुळे निर्माते आळशी होतात आणि लिनक्ससाठी वेगळे काम करायचे टाळतात. आक्षेपात तथ्य आहे. रॉकेट लीगसारख्या उदाहरणांत ‘प्रोटॉन आहेच की’ ही पळवाट झाली. तरीही दोन वर्षे अपडेट न मिळालेला पोर्ट केवळ तत्त्वासाठी खेळावा, असे मला वाटत नाही. प्रोटॉनवर खेळलेला गेम वाल्व्हच्या हिशेबात लिनक्सवरचाच धरला जातो, त्यामुळे निर्मात्यांपर्यंत आपली संख्या पोहोचतेच.

पोर्ट सांभाळलेला आहे की नाही, हे ओळखणे अवघड नाही. गेमच्या बातम्यांत शेवटच्या काही अपडेटमध्ये लिनक्सचा उल्लेख आहे का, विंडोज आणि लिनक्सचा आवृत्ती क्रमांक एकच आहे का, आणि प्रोटॉनडीबीवरचे लोक ‘नेटिव्ह सोडा, प्रोटॉन लावा’ असे सांगत आहेत का, एवढे पाहावे. तसे सांगत असतील तर स्टीममध्ये त्या गेमवर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीजमधील कम्पॅटिबिलिटी विभागात प्रोटॉनची आवृत्ती सक्तीने निवडता येते. असे केल्यावर स्टीम विंडोजच्या फाइली नव्याने उतरवते, म्हणून हा बदल मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करू नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोन्ही आवृत्त्या सेव्ह फाइली वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतात. क्लाउड त्या जुळवून घेईलच याची खात्री नसते, तेव्हा आधी त्यांची प्रत काढून ठेवावी.

सहावी पायरी: खरेदी

स्टीमवर किमती रुपयांत असतात आणि यूपीआयने पैसे भरता येतात. खरेदीनंतर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर गेम परत करता येतो. लिनक्सच्या खेळाडूने ही मुदत खरोखर चाचणीसाठी वापरावी: पहिल्या तासातच सर्वांत जड प्रसंग, ऑनलाइन खेळ आणि कंट्रोलर तपासून घ्यावेत. मात्र लाँचरशी झटापट करताना गेम चालू असलेला वेळही त्या दोन तासांत मोजला जातो, हे विसरू नये. ‘लिनक्स आवृत्ती लवकरच’ एवढ्या आश्वासनावर पैसे देऊ नयेत. आज जे चालते तेवढ्याचेच द्यावेत.

एपिक आणि जीओजी या इतर गेम-दुकानांचे अधिकृत लाँचर लिनक्ससाठी नाहीत. त्यांचे गेम हिरोइक गेम्स लाँचरमधून चालवता येतात, आणि इतर ठिकाणचे जुने गेम ल्युट्रिसमधून. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी: ॲन एन्शंट एपिक अजून खेळला नसेल, तर आपल्या मातीतला गेम म्हणून यादीत जरूर घ्यावा, त्याची नेटिव्ह आवृत्ती नाही, तो प्रोटॉनमार्फतच खेळायचा.

सातवी पायरी: उन्हाळा आणि वीज

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि लॅपटॉपचा पंखा दुपारी कितीही फिरला तरी तो गरम हवाच आत ओढतो. मँगोहड हे साधन बसवले की खेळताना कोपऱ्यात तापमान आणि फ्रेमचा वेग दिसतो. प्रोसेसर नव्वद अंशांच्या पुढे सतत राहत असेल, तर ग्राफिक्स कमी करण्याआधी फ्रेमची मर्यादा साठ किंवा चाळीसवर आणावी. उष्णतेत लगेच फरक पडतो. गेम पहिल्यांदा उघडताना स्टीम शेडर (ग्राफिक्स कार्डाला चित्र काढायला सांगणाऱ्या सूचना) तयार करते, तेव्हा प्रोसेसरवर सर्वाधिक ताण येतो. हे काम पहाटे किंवा रात्री उरकावे.

मोठे गेम उतरवताना किंवा ड्रायव्हर अपडेट होताना वीज गेली तर त्रास होतो. गेमच्या फाइली स्टीम पुन्हा पडताळून घेते, पण अर्धवट राहिलेले प्रणालीचे अपडेट निस्तरणे नवख्याला जड जाते. साधा यूपीएस असेल तरच अशी अपडेट करावीत. लॅपटॉपवाल्यांनी निदान बॅटरी पूर्ण भरलेली ठेवावी.

आठवी पायरी: गेम चालला नाही तर

आधी प्रोटॉनची दुसरी आवृत्ती निवडून पाहावी. सर्वांत नव्या सुधारणा ‘प्रोटॉन एक्स्पेरिमेंटल’मध्ये असतात. त्याने भागले नाही तर प्रोटॉनअप-क्यूटी या साधनातून जीई-प्रोटॉन ही प्रोटॉनची सुधारित अनधिकृत आवृत्ती बसवावी. गेममधले चित्रफितींचे प्रसंग काळे दिसत असतील तर तिचा विशेष उपयोग होतो. इंटरनेटवर सापडलेल्या पाच-सहा युक्त्या एकदम लावू नयेत. एक लावावी, पाहावे, उपयोग नसेल तर काढून टाकावी.

लिनक्सची अधिकृत आवृत्ती असलेला गेम बिघडला, तर निर्मात्याला जरूर कळवावे. ‘लिनक्सवर चालत नाही’ एवढ्यावरून त्यांना काही करता येत नाही. स्टीमच्या हेल्प मेन्यूत सिस्टम इन्फर्मेशन असते, ती सगळी माहिती जशीच्या तशी चिकटवावी, कोणत्या प्रसंगात बिघाड होतो हे दोन-तीन वाक्यांत लिहावे आणि तोच प्रसंग प्रोटॉनवर कसा चालतो हेही कळवावे. या शेवटच्या माहितीवरून दोष पोर्टमध्ये आहे की ड्रायव्हरमध्ये, हे त्यांना लवकर शोधता येते.